लाल रेषेच्या आत

चिपळूणला पूर कशामुळे येतो, या प्रश्नाचं एकच उत्तर शहरात मिळत नाही. कुणी कोयनेकडे बोट दाखवतो, कुणी वाशिष्ठीतल्या गाळाकडे, कुणी महामार्गाच्या भरावाकडे, तर कुणी नुसतं वर आभाळाकडे बघतो. 26 जुलै 2005 ला शहर बुडालं आणि 22 जुलै 2021 ला त्याहून जास्त बुडालं. पुढे जलसंपदा खात्याने शहरात निळी आणि लाल पूररेषा आखली, तेव्हा नदीकाठचा हा वाद घराघरांत शिरला.

खालचा संवाद अशाच एका घरातला आहे. काका बाजारपेठेतले भुसार मालाचे व्यापारी. त्यांची पुतणी पुण्याला स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते, नद्या आणि पूर हा तिच्या अभ्यासाचा विषय. दोघांचा एकमेकांवर फार जीव, पण या एका विषयावर त्यांचं जमत नाही. मी ऐकायला बसलो होतो. मध्येमध्ये मला जे वाटलं तेही लिहिलं आहे. नावं मुद्दाम देत नाही, कारण दोघंही बोलतात ते शहरातल्या कितीतरी लोकांच्या मनातलं.

काका : तुझा तो नकाशा आधी गुंडाळून ठेव बघू. त्यात लाल रेषा कुठून जाते ते मला माहीत आहे. सगळी बाजारपेठ तिच्या आत. चिंचनाका आत, एसटी स्टँड आत. सगळं शहरच नदीचं ठरवलंत, मग माणसांनी जायचं कुठे?

पुतणी : रेषा कुणाला हाकलण्यासाठी नाही काका. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नको, आणि निळ्या-लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधाल ते पूर येणार हे धरून बांधा, एवढंच तिचं म्हणणं.

काका : एवढंच? अगो, त्या रेषेत आलेल्या घराला बँक कर्ज देताना दहा वेळा विचार करते. वाड्याची दुरुस्ती करायची तर परवानगीला हेलपाटे. गाळा विकायला काढला तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, लाल की निळी? पुराने माझं दुकान दोनदा धुतलं, पण दोन्ही वेळा मी उभा राहिलो. ही रेषा मला उभं राहू देत नाही.

पुतणी : आणि रेषा नसती तर पाणी आलं नसतं?

काका : पाणी येतं कुठून ते आधी बोल. कोयनेचं पाणी खरं कुठलं? कृष्णेच्या खोऱ्यातलं. निसर्गाने ते पूर्वेला, पार बंगालच्या उपसागराकडे धाडलेलं. आपण डोंगर पोखरून ते पश्चिमेला वळवलं, पोफळीला वीज केली, अलोऱ्याला केली, कोळकेवाडीला केली आणि उरलेलं अवजल आणून सोडलं कुठे? वाशिष्ठीत! वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत. जे पाणी या नदीचं कधी नव्हतंच, ते ती वाहून नेते. वीज साऱ्या महाराष्ट्राला आणि पूर चिपळूणला.

या मुद्द्यावर चिपळूणकर तावातावाने बोलतात आणि त्याला कारण आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट. धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह सोडलं, तर बाकी सगळी वीज पश्चिमेला वळवलेल्या पाण्यावर होते. राज्याला उजेड देणाऱ्या या योजनेचा शेवटचा टप्पा एका छोट्या नदीत आणि तिच्या काठच्या शहरात संपतो. 2021 च्या त्या रात्री कोळकेवाडीतून पाणी सोडलं म्हणून शहर बुडालं, असा आरोप झाला. जलसंपदा खात्याने तो नाकारला. तरी लोकांच्या मनातून तो गेला नाही.

पुतणी : कोयनेचा मुद्दा मी नाकारत नाही. सगळे संच पूर्ण जोरात चालले तर सेकंदाला काहीशे घनमीटर पाणी नदीत येतं. पण मोठ्या पुरात नदीतून सेकंदाला काही हजार घनमीटर वाहतं. त्या दिवशी घाटावर काय पडलं ते आठवा. महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर. सह्याद्रीचा तो सगळा कडा एकाच वेळी भिजत होता. त्याच दिवशी महाड बुडालं, खेड बुडालं. तिथे कुठे कोयनेचं अवजल जातं?

काका : महाडला नसेल जात. पण काठोकाठ भरलेल्या नदीत काहीशे घनमीटर आणखी ओतायचे कशाला?

पुतणी : ओतायचे नाहीतच. तिथे मी तुमच्याच बाजूची. वाशिष्ठी इशारा पातळीला आली आणि वर भरती असली, की वीजनिर्मिती थांबवायची, हा नियम कागदावर नको, रोजच्या वापरात हवा. कोळकेवाडीत आधीपासून जागा रिकामी ठेवायला हवी. तो लहान जलाशय आहे. वरून आलेलं पाणी तो थोडा वेळ धरतो, कायमचं धरू शकत नाही. पण हे सगळं नीट केलं तरी पूर यायचा थांबणार नाही, थोडा उतरेल.

काका : थोडा म्हणजे किती? माझ्या दुकानात फूटभर कमी आला असता तरी तांदूळ वाचला असता. तुमच्या कागदावर ते थोडं असेल, आमचा तो वर्षाचा धंदा आहे.

पुतणीने याला उत्तर दिलं नाही. मला वाटतं, उत्तर नव्हतंच. पुराच्या अभ्यासात एक फूट म्हणजे आलेखावर जरा वर सरकलेली रेघ, आणि भुसाराच्या दुकानात एक फूट म्हणजे पोत्यांची एक अख्खी थप्पी.

काकांच्या दुकानाच्या खांबावर दोन खुणा आहेत. 2005 ची छातीशी येते. 2021 ची बघायला मान वर करावी लागते. 2005 नंतर काकांनी दुकानात लोखंडी माळा केला, त्या खुणेच्या चांगला दोन हात वर. पावसाळा लागला की साखर, डाळी, चांगला तांदूळ माळ्यावर. 2021 च्या जुलैतही माल वरच होता. करोनाच्या निर्बंधांतून बाजार नुकता कुठे डोकं वर काढत होता, म्हणून मालही भरपूर भरलेला. पहाटे पाणी यायला लागलं तेव्हा काका निर्धास्त होते. सकाळ उलटता उलटता पाणी माळ्यावर चढलं.

काका : साखर सगळ्यात आधी जाते. पोतं तसंच उभं दिसतं, आत काही नसतं. तांदूळ फुगतो आणि कट्टा उसवतो. तेलाचे डबे तरंगत जाऊन छताला लागतात, पाणी उतरलं की कुठेही आडवे पडतात, त्यावर डिझेलचा तवंग. आणि चिखल! तो ओला असतानाच काढायचा. एकदा का वाळला की पहारीने खणावा लागतो. तिसऱ्या दिवसापासून भिजलेल्या धान्याचा जो वास सुटतो ना, तो भिंतीतून महिनेन्‌महिने जात नाही. उधारीची वही गेली. गिऱ्हाइकांनी आपणहून येऊन सांगितलं, काका, माझे इतके देणे होते. पण सगळ्यांकडे द्यायला होतं कुठे? तीही बुडालेलीच.

पुतणी : काका, रागावू नका, पण माळा 2005 च्या खुणेवरून बांधलात ना?

काका : मग कशावरून बांधायचा? आख्ख्या पेठेने तसंच केलं. कुणी ओटा उंच केला, कुणी फळ्या वर घेतल्या, कुणी मीटर वर बसवले. सगळे त्याच खुणेवरून. आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा पूर तोच होता.

पुतणी : मला तेच म्हणायचं आहे. शहराने 2005 ला शेवटचा आकडा मानलं. लोक बेसावध होते असं कुणी म्हणू नये. सावध होते, पण मागच्या पुरापुरते. अनुभव आपल्याला जे झालं ते सांगतो, जे होऊ शकतं ते सांगत नाही. त्यासाठी पावसाचा, नदीच्या रुंदीचा, भरतीचा हिशेब मांडावा लागतो. त्या हिशेबाचं नाव पूररेषा.

काका : तुझ्या हिशेबात लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा पूर. आमच्याकडे 16 वर्षांत दोन महापूर आले. आता 200 वर्षं निवांत का?

पुतणी : ‘100 वर्षांतून एकदा’ हे बोलणंच लोकांना फसवतं. अर्थ असा, की दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता 1 टक्का. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तुम्ही 30 वर्षांचं कर्ज काढून लाल रेषेच्या कडेला घर घेतलंत, तर कर्ज फिटेपर्यंत पाणी घरात येण्याची शक्यता 26 टक्के. निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची. तिच्या कडेवर तीच शक्यता 71 टक्के. हे आकडे गाळा विकत घेणाऱ्या माणसाला कुणी सांगतं का?

काका : सांगितले तर घेईल कोण?

पुतणी : घेईल, पण तळमजल्यावर गाडी लावेल आणि वर राहील. त्यात वाईट काय? आणि हे आकडेसुद्धा जुन्या पावसावरून काढलेले. अरबी समुद्र तापतो आहे. हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणजे आजच्या लाल रेषेवरही डोळे मिटून विसंबू नका.

काका : झालं! म्हणजे रेषा आखलीत ती आखलीत, वर तीही खरी नाही म्हणतेस. या सगळ्यात गाळाबद्दल तू एक अक्षर काढत नाहीस. आजोबा सांगायचे, गोवळकोटला गलबतं लागायची. आज त्या नदीत होडी टेकते. मध्ये बेटं झाली, बेटांवर झाडं वाढली. नदी उथळ झाली तर पाणी जाईल कुठे, पेठेतच ना? 2021 च्या डिसेंबरात लोक साखळी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे गाळ काढायला यंत्रं आली. उपोषण केलं नसतं तर आली असती?

पुतणी : नसती आली. ते आंदोलन शहाणपणाचं होतं. वाशिष्ठीतून आणि शिवनदीतून गाळ निघाला, बेटं कमी झाली, त्याचा मध्यम पुराला फरक पडतो. शिवनदी तर शहराच्या पोटातून वाहते, तिचं पात्र मोकळं असलंच पाहिजे. पण गोवळकोटला गलबतं यायची, याचा दुसरा अर्थ ध्यानात घ्या. दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी थेट चिपळूणच्या उंबऱ्यापर्यंत येतं. समुद्राच्या पातळीला आलेल्या नदीत कितीही खोल खणलं, तरी खालून भरती चढली की तो खड्डा भरलेलाच असतो. आणि गाळ एकदा काढून संपत नाही. घाटातली झाडं तुटतात, डोंगर कापले जातात, दर पावसाळ्यात नवी माती खाली येते. गाळ दर वर्षी काढावा लागेल, आणि महापुरात त्याचा उपयोग बेताचाच होईल.

एकाच आठवणीतून दोघांनी दोन निष्कर्ष काढले. गोवळकोटच्या बंदरात काकांना हरवलेली खोली दिसते, पुतणीला समुद्राची पोच. दोन्ही खरं आहे. नदी उथळ झालीच आहे, आणि चिपळूण खाडीच्या तोंडाशी नसलं तरी खाडीच्या हाताशी आहे, हेही तितकंच खरं. वाशिष्ठी सह्याद्रीच्या कड्यावरून उतरते आणि थोड्याच अंतरात सपाटीला लागते. घाटावरच्या पावसाला शहरात पोचायला काही तासच लागतात, दिवस लागत नाहीत. त्याच वेळी खालून भरती चढत असली, तर नदीचं दार बंद झाल्यासारखं होतं. मग शिवनदीचं पाणी वाशिष्ठीत जायचं सोडून मागे फिरतं आणि गटारांतून पेठेत उगवतं.

काका : भरतीचं आम्हाला शिकवू नकोस हो. तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. खाडीवरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

पुतणी : मग 22 जुलैचा हिशेब करा.

काका : आषाढी मंगळवारी झाली, 20 तारखेला. बुधवारी द्वादशी, गुरुवारी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे किनाऱ्यावर सकाळी दहाच्या सुमारास भरती, आपल्याकडे त्याहून जरा उशिरा. आणि पुढे दोन दिवसांत पौर्णिमा, म्हणजे उधाणच.

पुतणी : पहाटे पाणी चढायला लागलं, वर घाटात पाऊस थांबत नव्हता, आणि दहाला उधाणाची भरती. पहाटे चारलाच सांगता आलं असतं, की दुपारपर्यंत पाणी उतरणार नाही, उलट वाढेल. हा हिशेब तुम्हाला येत होता काका. घाटातल्या पावसाचा आकडा मात्र तुमच्या हातात नव्हता.

इथे काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तो आकडा मिळाला असता तर माणसं वर चढली असती. माल गेला असता तो गेलाच असता.’

सगळ्या बोलण्यातलं कळीचं वाक्य मला हे वाटतं. चिपळूणात पाऊस मोजला जातो तो शहराचा, पण शहराला बुडवणारा पाऊस वर पडतो, कुंभार्ली घाटात, पोफळी-अलोऱ्याच्या अंगावर, कोयनेच्या कड्यावर. सरकारी हिशेबात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पडले की अतिवृष्टी. पंचनाम्यासाठी, पिकाच्या भरपाईसाठी हा आकडा ठीक असेल. कोकणात आषाढातला एखादा साधा दिवससुद्धा तेवढा असतो. त्यावरून दुकानदाराला काहीच कळत नाही. घाटात गेल्या तीन तासांत किती पडलं, नदी पुलापाशी कुठल्या मीटरवर आहे आणि भरती किती वाजता, हे तीन आकडे रात्री दोन वाजता त्याच्या मोबाईलवर आले, तर तो माणूस काय करायचं ते स्वतः ठरवू शकतो. खांबावरच्या खुणेपेक्षा हे तीन आकडे जास्त कामाचे.

काका : पण आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? तिवऱ्याचं विसरलीस? 2 जुलै 2019, रात्रीची वेळ. धरण फुटलं आणि वाडी वाहून गेली. वीसहून जास्त माणसं गेली. धरण गळतंय म्हणून गावाने आधी ओरड केली होती. आणि नंतर मंत्री काय म्हणाले? खेकड्यांनी धरण फोडलं. असं सांगणाऱ्या सरकारच्याच खात्याने आखलेल्या रेषेवर मी घर सोडू?

पुतणी : तिवऱ्यावर माझ्याकडे उत्तर नाही काका. ती आपत्ती माणसाने केलेली होती आणि ते खेकड्यांचं बोलणं लाजिरवाणं होतं. तुमचा राग योग्य आहे. पण खात्यावर विश्वास नाही म्हणून पाण्याची पातळी बदलत नाही.

काका : आणि लाल रेषेबाहेर म्हणजे कुठे, सांग ना. डोंगराकडे. त्याच 22 जुलैला खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड आली, 17 माणसं गेली. त्याच दिवशी महाडकडे तळीयेचं काय झालं? अख्खी वाडी मातीखाली, 80 हून अधिक माणसं. इथे बुडायचं नाहीतर तिथे गाडलं जायचं. पाण्यातून माणूस माळ्यावर तरी चढतो. मातीतून कुठे चढणार?

कोकणातल्या गावांची अडचण याहून थोडक्यात कुणी सांगितलेली मी ऐकलेली नाही. खाली नदी, वर भुसभुशीत उतार, मधला सपाट पट्टा अरुंद, आणि त्यातूनच महामार्ग आणि रेल्वे. ‘पूररेषेतून बाहेर जा’ हा सल्ला देशावरच्या ऐसपैस गावात चालेल. चिपळूणला तो देताना बाहेरची कुठली जागा सुरक्षित आहे, तिच्यावरचा उतार कुणी तपासला आहे, हे आधी सांगावं लागेल. पूररेषेचा नकाशा आणि दरडीचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिल्याशिवाय दोन्ही अर्धवट आहेत.

पुतणी : म्हणूनच शहर हलवा असं मी म्हणतच नाही. शहर आहे तिथेच राहू दे, तळमजला सोडा. नवी इमारत खांबांवर. वीज घेणारी पेटी, जनित्र, ऑक्सिजनची सोय यातलं काहीही लाल पातळीच्या खाली नको. 2021 ला एका कोविड रुग्णालयात वीज गेली आणि यंत्रांवरचे रुग्ण दगावले. पाण्यात बुडून नाही हो, यंत्रं बंद पडून. प्रत्येक आळीत एक पक्की गच्ची ठरलेली असावी आणि तिचा जिना बाहेरून असावा. एसटीचे आगारप्रमुख रोकड घेऊन तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले, सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, मीही केलं. पण अशा कर्तव्यनिष्ठ माणसाला टपावर बसायची वेळ यावी, हे डेपोच्या रचनेचं अपयश आहे.

काका : खांबांवर बांधा म्हणतेस. पैसे?

पुतणी : सरकारने द्यावेत.

काका : सरकारने आम्हाला 2021 ला काय दिलं? दुकानदाराला जास्तीत जास्त 50 हजार, टपरीवाल्याला 10 हजार. 50 हजारांत तांदळाचे किती कट्टे येतात ते तूच सांग. पूर आल्यावर पंचनामा, मग अनुदान, मग पुढच्या पुराची वाट. तोच पैसा आधी दिला, तर मी आज तळमजला सोडतो. रेषा आखायला पैसे होते, माझा जिना बांधायला नव्हते?

इथे दोघांचं पहिल्यांदा जमलं, आणि माझंही मत इथेच पडतं. पूर कशाने येतो याबाबत पुतणी बरोबर आहे. एवढा पाऊस, एवढा उतार आणि एवढी भरती एकत्र आली की वाशिष्ठीचं पाणी शहरात येणारच. कोयना आणि गाळ हे त्यात भर घालणारे, मूळ कारण नव्हेत. पण पुराची किंमत कुणी मोजायची, याबाबत काका बरोबर आहेत. राज्याच्या विजेसाठी वळवलेलं पाणी ज्या शहराच्या नदीतून जातं, त्या शहरावर नुसती रेषा आखून निघून जाणं हा अन्याय आहे. रेषेबरोबर बांधणीचा नमुना, स्वस्त कर्ज आणि परवानगीची ठरलेली मुदत यायला हवी होती. ते न येता आधी बंदी आली, म्हणून लोकांनी रेषेलाच शत्रू मानलं.

शहरातल्या एका संस्थेचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय मला सोडवत नाही. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे 1864 चं वाचनालय. 2005 ला त्यात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली. भिजलेल्या पुस्तकाची पानं वाळताना एकमेकांना अशी धरतात की सोडवायला गेलं तर अक्षरांसकट सुटतात. तरी वाचनालय उभं राहिलं. जानेवारी 2013 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणात भरलं, त्याचं यजमानपद याच संस्थेने निभावलं. 2021 ला पुन्हा पाणी आलं. दीडशे वर्षं ओलांडलेली संस्था जागा सोडत नाही आणि बंदही होत नाही. काकांच्या हट्टाला कुणी अडाणीपणा म्हणालं, तर त्याला मी हे वाचनालय दाखवीन. ज्या जागेवर पिढ्या घडल्या, ती जागा टक्केवारीवरून सोडता येत नाही. पण तिथे पुस्तकं कुठल्या मजल्यावर ठेवायची, हे टक्केवारीवरूनच ठरवावं लागेल.

पुतणी : काका, खांबावर तिसरी खूण करू या का? लाल रेषेची?

काका : ती 2021 च्या वर येते की खाली?

पुतणी : ते मी तोंडी सांगणार नाही. नगरपरिषदेत पातळी मीटरमध्ये मिळते. आपल्या ओट्याची उंची दुर्बिणीने मोजून घेऊ, वजाबाकी करू, मग खूण करू. अंदाजाने काढलेली खूण नको, अंदाजानेच मागच्या वेळी माल गेला.

काका : मोज. पण खूण कितीही वर आली तरी दुकान इथेच राहील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पुतणी : दुकान राहू दे. तांदूळ वरच्या मजल्यावर जाऊ दे.

काका त्यावर हो म्हणाले नाहीत. वरच्या मजल्यावरून पोती खाली आणायला हमाली किती पडेल, याचा हिशेब मात्र त्यांनी लगेच सुरू केला.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची गावं नदीकाठी असतील. कोल्हापूर-सांगली पंचगंगा-कृष्णेकाठी, महाड सावित्रीकाठी, खेड जगबुडीकाठी. घर किंवा गाळा घेण्याआधी नगरपालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा मागा. जागा निळ्या रेषेच्या आत आहे की निळ्या-लाल रेषेच्या मध्ये ते बघा, लाल रेषेची पातळी मीटरमध्ये लिहून घ्या आणि आपल्या जोत्याची उंची त्याच्याशी ताडून पाहा. डोंगराच्या पायथ्याशी असाल तर वरच्या उताराला भेगा पडल्या आहेत का, पावसाळ्याआधी एकदा चढून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कुठल्या जिन्याने, कुणाच्या गच्चीवर न्यायचं, हे शेजाऱ्यांशी बोलून मे महिन्यातच ठरवून ठेवा.